गच्चीवरची तपासणी

जालना, १० नोव्हेंबर २०२४

मामा, पाया पडते.

धम्मपाल कंडक्टरच्या हाती हे पाकीट आणि शेवेचा डबा पाठवते आहे. दोन्ही जसंच्या तसं पोचवीन असं तो म्हणाला, पण शेवेची हमी मी देत नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की सगळी गल्ली गोळा होते. त्यापेक्षा आपली टेंभुर्णीची एसटीच बरी.

बातमी अशी की आमच्या गच्चीवर सरकार येऊन बसलं आहे. थट्टा नाही. हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत जालन्याचं नाव आहे, हे तुम्हीच मला पेपरात वाचून सांगितलं होतं. आता ती सुधारायची म्हणून वरून कार्यक्रम आला आहे. रस्ता झाडायची गाडी आली. दुभाजकात झाडं लावली, त्यातली निम्मी शेळ्यांनी संपवली. आणि जागोजागी हवा मोजायची यंत्रं बसवली. स्टील कंपनीच्या भिंतीला लागून आमचीच गल्ली, आणि गल्लीत दोन मजली घर आमचंच, म्हणून एक यंत्र आमच्या गच्चीवर. दिसायला पत्र्याच्या देवळीसारखं. सोमवारी आणि गुरुवारी ते घरघरत हवा ओढतं. आत पांढरा कागद असतो, त्यावर धूळ बसते. अबुबकर म्हणून एकजण येऊन तो कागद बदलून नेतो.

तो मला म्हणाला, "ताई, धूळ जास्त निघाली तं कंपनीला भट्टीवर धूर ओढायचं मशीन बसवावंच लागंल. न्हाई तं त्यांला नवी भट्टी मिळत न्हाई." मामा, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पायलचा दमा तुम्हाला माहीत आहे. सात वर्षांची पोर, जिना चढून आली की आधी खिडकीशी जाऊन उभी राहते. डॉक्टर म्हणतात, औषध चालू ठेवा पण हवा बदला. आता हवा म्हणजे काय पलंगावरची चादर आहे बदलायला? हे यंत्र खरं बोललं तर निदान आशा तरी आहे. तुमचा जावई भारत त्याच कंपनीत भट्टीवर असतो, त्यामुळे तो यंत्राकडे बघतसुद्धा नाही. कपडे वाळत घालायला वर गेला तरी पाठ करून उभा राहतो.

आता घरी सरकारी पाहुणा आलाच आहे, तर त्याची बडदास्त कशी ठेवायची ते सांगा. तुमची सगळी नोकरी साहेबांच्या तपासण्यांत गेली.

तुमची दैवशाला


टेंभुर्णी, १८ नोव्हेंबर २०२४

दैवशाला, सुखी राहा.

शेव पोचली. धम्मपालच्या मिशीला काही लागलेलं नव्हतं, म्हणजे पुसून आला असावा.

तुझं पत्र मी वाचनालयात चारचौघांत वाचून दाखवलं. माझ्या भाचीच्या घरावर शासनाचं यंत्र बसलं, ही काय साधी गोष्ट आहे? नाहीतर आपल्याकडे शासनाचं काही बसतं ते आपल्या बोकांडी.

बडदास्तीचं विचारलंस ते योग्य माणसाला विचारलंस. मी केदारखेड्याला मुख्याध्यापक होतो तेव्हा तपासणीच्या दिवशी काय करायचो ते ऐक. पहाटे मुलांना बोलावून अंगण झाडून घ्यायचं, मग सडा, मग रांगोळी. साहेबांच्या बुटाला धूळ लागली नाही की शेरा आपोआप चांगला येतो. तूही तेच कर. यंत्राच्या दिवशी सकाळी गच्ची स्वच्छ धू. भोवती पाणी मार. तुझ्या गच्चीवरची माती उडून त्या कागदावर बसली आणि वर साहेबांनी विचारलं की ही कोणाच्या घरची एवढी धूळ, तर मान खाली कोणाची जाईल? सरकारी कागदावर आपल्या घराची घाण जाता कामा नये.

पायललाही या कामात घे. छोटा तांब्या दे तिच्या हातात. मुलांना जबाबदारी दिली की शिस्त लागते, आणि सकाळच्या मोकळ्या हवेत दम्यालाही बरं.

तुझा मामा, रामराव


जालना, ९ जानेवारी २०२५

मामा, पाया पडते.

तुमचा सल्ला शब्दन् शब्द पाळते आहे. यंत्राच्या दिवशी मी गच्ची धुते आणि पायल तिचा तांब्या घेऊन यंत्राभोवती गोल फिरत पाणी शिंपडते. त्या यंत्राला ती साहेब म्हणते. "आई, चल ना गं जल्दी, साहेब उठले!" असं म्हणत सकाळी मलाच हलवते. नंतर अबुबकर आला की त्याच्या हातातला कागद बघायला धावते. कागद पांढरा निघाला की टाळ्या. अबुबकर एकदा म्हणाला, "ताई, बाकीच्या ठिकाणचे कागद काळेकुट्ट येऊन राह्यले, तुमचाच इतका साफ कसा?" मी म्हटलं, आमच्या मामांची शिस्त आहे. तो कागद पाकिटात घालून निघून गेला. मला वाटलं, बोलायला बुजतो बिचारा.

आणि दुसरी गंमत ऐका. कंपनीच्या ऑफिसातले राधेश्यामजी स्वतः आमच्या घरी आले. गच्चीवर गेले, ओल्या फरशीवर उभे राहून यंत्राकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "बहनजी, तुम्ही लई चांगलं काम करून राह्यल्या. पण घरचं पाणी कशाला खर्च करता? टँकर आम्ही पाठवतो." मामा, आमच्याकडे नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, आठ-दहा दिवसांनी, आणि तेही बसत नाही. आता दर सोमवारी-गुरुवारी टँकर येतो. गच्ची, गल्ली, पलीकडचा रस्ता, सगळं भिजवतो आणि उरलेलं पाणी बायका भरून घेतात. शेजारची जुबेदाआपा म्हणते, "तेरे मामूको अल्ला लंबी उमर देव." गल्लीत माझा मान इतका वाढला आहे की कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा मला आधी देतो.

भारत मात्र टँकर आला की घरात जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, "काई न्हाई. दमलो."

पायलला थोडा खोकला आहे, थंडीचा असेल.

तुमची दैवशाला


टेंभुर्णी, २० फेब्रुवारी २०२५

दैवशाला, सुखी राहा.

आजचा पेपर वाचून ऊर भरून आला. शहराच्या औद्योगिक भागातली हवा सुधारली, आकडे खाली आले, असं छापलं आहे. कुठल्या गच्चीवरचे आकडे ते छापलेलं नाही, पण मला ठाऊक आहे ना! मी ते कात्रण वाचनालयाच्या फळ्यावर लावलं. धोरण कागदावर राहतं म्हणून सगळे ओरडतात. मी म्हणतो, लोकांनी हातभार लावला तर धोरण का नाही चालणार?

आता ऊन तापायला लागेल. यंत्राला चारी बाजूंनी ओलं गोणपाट बांध, म्हणजे आतलं काही बिघडायचं नाही. आमच्या शाळेत माठाला बांधायचो तसं.

यंदा पापड-कुरडया पाठवशील ना? तुझी मामी गेल्यापासून घरात कुरडई होत नाही. आणि खोकल्याचं पुढे काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

रामराव


जालना, २१ मार्च २०२५

मामा, पाया पडते.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मधे घरात जरा धावपळ होती. गोणपाट बांधलं आहे. पापड आणि कुरडया डब्यात आहेत. पायल बरी आहे, थोडी बारीक झाली आहे. शाळेत फारशी जात नाही, पण साहेबांना पाणी घालायचं मात्र चुकवत नाही.

घाईत आहे. सविस्तर मग लिहीन.

दैवशाला


टेंभुर्णी, २९ मार्च २०२५

दैवशाला, सुखी राहा.

रागावू नकोस, पण मास्तर आहे, चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. कुरडई तळली तर दाताखाली कचकच लागली. पापडावर काळे बारीक ठिपके. मी आधी जिरं समजलो. पुसलं तर बोट काळं झालं, आणि चमकत होतं. गहू नीट धुतला नव्हतास का? तुझी आई असती तर तिने डबा परत पाठवला असता.

तुझं मागचं पत्र मला आवडलं नाही. दोन ओळींत तू एकदा "जरा" आणि एकदा "थोडी" असं लिहिलं आहेस. लहानपणी तू पाय मोडून घेतलास तेव्हाही "थोडं लागलंय" असंच म्हणाली होतीस. खरं काय ते लिही.

रामराव


जालना, १५ एप्रिल २०२५

मामा,

खरं लिहिते. मार्चमध्ये पायलला दवाखान्यात ठेवावं लागलं. ओठ निळे पडले होते. घरी आणलं तरी वाफेचं यंत्र उशाशी असतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्या कात्रणावर इतके खूश होता.

गहू मी नीटच धुतला होता, मामा. पापडही घरात लाटले. वाळत घातले ते मात्र गच्चीवर, आणि मंगळवारी. सोमवारी घातले असते तर पांढरे राहिले असते.

हे माझ्याही लक्षात तुमचं पत्र वाचूनच आलं. घरच्या डब्याच्या तळाशी राहिलेला एक पापड हातात घेऊन मी गच्चीवर गेले. बुधवार होता, यंत्र बंद, टँकर नाही. कठड्यावर हात फिरवला तर हात काळा. भट्टीचा धूर रात्री सोडतात, सकाळी सगळं खाली बसलेलं असतं. आणि यंत्राच्या दिवशी आम्ही मायलेकी उठून ते पुसून काढतो, वर ओल्या गोणपाटाचा पडदा लावतो, आणि मग साहेबाला म्हणतो, बघा, हवा कशी आहे.

परवा कंपनीच्या नव्या भट्टीसाठी लोकांची सुनावणी होती. मांडव, खुर्च्या, थंडगार सरबत. एका साहेबांनी आकडे वाचले. कंपनीला लागून असलेल्या वस्तीतसुद्धा धूळ मर्यादेत आहे, म्हणून धूर ओढणारं यंत्र सध्या आवश्यक नाही, असं ते म्हणाले. मामा, ते आकडे माझ्या गच्चीचे होते! माझ्या पोरीच्या तांब्याचे होते! मी उठून बोलणार होते, पण तेवढ्यात राधेश्यामजींनी सांगितलं की टँकर आता कायमचा सुरू राहील, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जुबेदाआपानेही. मी परत खुर्चीत बसले.

घरी येऊन भारतला विचारलं, तुला हे आधीपासून कळत होतं का? तो पायलचं पांघरूण सारखं करत बसला. मग म्हणाला, "मला कळून राह्यलं होतं. पन तू इतक्या आनंदानं पानी घालत होती... आनि नव्या भट्टीवर मला परमनंट करनार हायेत. मंग काय बोलू?"

तुम्ही सांगा, मी आता काय करू? पाणी थांबवलं तर गल्लीचं पाणी जातं आणि भारतची नोकरी जाते. नाही थांबवलं तर माझी पायल जाते. मला झोप लागत नाही, मामा. तिचा श्वास मोजत बसते.

दैवशाला


टेंभुर्णी, २२ एप्रिल २०२५

दैवशाला,

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठलो. वाचनालयात जाऊन ते कात्रण काढून टाकलं.

तू घाईने काही करू नकोस. भारतचं काम टिकलं पाहिजे, पायलच्या औषधांना पैसा लागतो. हे सरकारी काम आहे, ते सरकारी रीतीनेच सुधारलं पाहिजे. मी सविस्तर अर्ज लिहून संबंधित कार्यालयाकडे पाठवला आहे. तुझं नाव, घर, गच्ची, टँकर, राधेश्याम यांचं येणं, सगळं मुद्देसूद लिहिलं आहे. चौकशी होईल. आयुष्यभर अर्ज लिहिले आहेत मी, कुठे काय लिहायचं ते मला बरोबर कळतं.

तोवर पायलला घरात ठेव आणि खिडक्या लावून घे.

रामराव


जालना, १९ मे २०२५

मामा,

तुमचा अर्ज पोचला. कार्यालयाने तो "योग्य कार्यवाहीसाठी" कंपनीकडे पाठवला. राधेश्यामजींनी भारतला बोलावून टेबलावर ठेवून दाखवला. तुमचं अक्षर सुंदर आहे असं म्हणाले. आवाज चढवला नाही, चहा पाजला. म्हणाले, "भारत, मामा बुजुर्ग आदमी हायेत, त्यांचं काही न्हाई. पन घरच्यांला समजाव. नव्या भट्टीवर मानसं लागतात, आनि मानसं लई हायेत."

मला वाटलं होतं, भारत येऊन माझ्यावर ओरडेल. त्याने चपला काढल्या, जिना चढून गच्चीवर गेला आणि यंत्राचं गोणपाट सोडून खाली टाकलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने त्या यंत्राकडे नीट बघितलं.

गुरुवारी मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. टँकर आला, पाइप घेऊन माणसं जिन्यात उभी राहिली. मी म्हटलं, किल्ली सापडत नाही. पायल दाराशी तांब्या घेऊन रडत होती, "आई, साहेब आलेत ना गं, कागद काळा येईल ना!" तिला कसं समजावू मी, की काळाच यायला हवा? राधेश्यामजी गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून एवढंच म्हणाले, "टँकर वापस घ्या." भरलेला टँकर आमच्या गल्लीतून मागे मागे जात निघून गेला. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. कोणी मला शिवी दिली नाही, त्यापेक्षा दिली असती तर बरं झालं असतं. एकटी जुबेदाआपा रात्रीच्या जेवणाला रोटी घेऊन आली आणि म्हणाली, "पानी तो कहींसे बी ला लेंगे. बच्चीको देख."

कागद निघाला तो तव्याच्या बुडासारखा. अबुबकरने तो मला लांबून दाखवला आणि पहिल्यांदा हसला. मला वाटलं, चला, यंत्र एकदा तरी खरं बोललं.

पुढच्या यंत्राच्या दिवसाआधीच लोक आले आणि यंत्र उचलून घेऊन गेले. आमच्या गच्चीवर स्थानिक अडथळे आहेत म्हणे. आता ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बागेजवळच्या एका इमारतीवर बसवलं आहे. तिथे रोज झाडांना कारंज्याने पाणी घालतात. आमच्या गच्चीवर आता चार स्क्रूची भोकं तेवढी राहिली आहेत.

भारतला नव्या भट्टीवर घातलं आहे, परमनंट नाही, रात्रपाळी. नवी भट्टी आधीच बांधून तयार होती, ती परवापासून पेटली. आता मोजायला कोणी नाही, त्यामुळे रात्रीची वाटसुद्धा बघत नाहीत, दुपारी चार वाजता दिवे लावावे लागतात.

पायलला तुमच्याकडे पाठवते आहे. धम्मपाल तिला स्वतःशेजारी बसवून आणणार आहे. पिशवीत पंप आहे, दम लागला की दोनदा तोंडात मारायचा, तिला माहीत आहे. तिला सांभाळा, मामा. मी भारतला इथे एकटं टाकून येऊ शकत नाही.

दैवशाला


टेंभुर्णी, ८ जून २०२५

दैवशाला, पोरी,

पायल पोचली त्या दिवशीच कळवलं होतं, आता जरा निवांत लिहितो. ती बरी आहे. भाकरी खाते. शेळीच्या पिलामागे धावते आणि धावून आल्यावर बोलू शकते. आल्या दिवशी तिने अंगणात सगळीकडे फिरून बघितलं आणि विचारलं, "आबा, तुमच्याकडे साहेब कुठं बसतात?" मी म्हटलं, इथे साहेब नाहीत बाळा. ती म्हणाली, "मंग हवा चांगली हाये का न्हाई, कसं कळतं?" मी हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

आज दुपारी शेजारच्या रानात मळणीयंत्र चाललं होतं, भुसा उडून अंगणात आला आणि तिला दम लागला. मी पंप आणायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर ती रांजणाशी. माझा तांब्या भरून घेतलेला, छाती भात्यासारखी चाललेली, आणि गोल फिरत अंगणात पाणी शिंपडत होती. एक तांब्या, दुसरा तांब्या. गोल पुरा झाल्यावर मधोमध जाऊन बसली. पंप पुढे केला तर माझा हात ढकलला. शब्द फुटत नव्हते, तरी म्हणाली, "थांबा आबा... पानी घातलंय... आता हवा येईल."

दैवशाला, मी पंचवीस वर्षं शिकवलं. मी शिकवलेलं एवढं पक्कं कोणाच्याच डोक्यात बसलं नव्हतं.

शेवटी तिला मांडीवर घट्ट धरून मी पंप दिला. श्वास खाली आला, आता झोपली आहे, काळजी करू नकोस. तांब्या मी माळ्यावर टाकला आहे. पण पंप तोंडाशी होता तेव्हा ती माझ्याकडे बघतच नव्हती. ऊन कडक होतं, आणि तिचं सगळं लक्ष शिंपडलेलं पाणी वाळतंय का इकडे होतं.

रामराव